विश्रांतीतले 70 मिलिव्होल्ट

वीज मंडळाच्या उपकेंद्रांमध्ये माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. त्या कामात माणूस पहिली गोष्ट शिकतो ती ही, की लाइन बंद आहे असे कोणी सांगितले म्हणून ती बंद मानायची नाही. परमिट घ्यायचे, टेस्टरने तपासायचे, अर्थिंग करायचे आणि मगच हात लावायचा. आमच्या लेखी लाइनच्या अवस्था दोनच होत्या. ती चार्ज असते, म्हणजे कामावर असते. किंवा डेड असते, म्हणजे विश्रांती घेत असते. निवृत्तीनंतर शरीरातल्या विजेविषयी वाचायला घेतले तेव्हा या विभागणीचा काही उपयोग होईना. चेतापेशी किंवा स्नायूपेशी जेव्हा काहीही करत नसते, कुठलाही निरोप नेत नसते, तेव्हाही ती पूर्ण भारलेली असते, आणि निरोप जातो तो हा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, क्षणभर सोडून दिल्यामुळे. तिच्यातला दाब कायमचा शून्य झाला, तर त्याचा अर्थ विश्रांती असा होत नाही. ती पेशी मेलेली असते.

पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये हा फरक 90 मिलिव्होल्टपर्यंत जातो. टॉर्चमधल्या दीड व्होल्टच्या सेलचा हा विसावा हिस्सा म्हणायचा, आणि 33 केव्हीच्या (33 हजार व्होल्टच्या) बसबारखाली वावरलेल्या माणसाला त्याचे हसू येणे साहजिक आहे. पण दाब किती जाडीवर पडला आहे हे पाहिल्याखेरीज इन्सुलेशनची परीक्षा होत नाही. पेशीच्या भोवतीचे पटल सुमारे 5 नॅनोमीटर जाडीचे असते, म्हणजे एका मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातला एक. भागाकार केला की आकडा येतो मीटरला सुमारे 1 कोटी 40 लाख व्होल्ट. कोरडी हवा मीटरला 30 लाख व्होल्टच्या आसपास हार मानते आणि ठिणगी पडते. चरबीच्या रेणूंचा हा दुहेरी थर त्याच्या चौपटीहून अधिक ताण जन्मभर सोसतो, तोही ओल्या, खारट जागी, जिथे आमच्याकडचे कोणतेही इन्सुलेटर सर्वांत आधी दगा देते.

हा दाब येतो कुठून, याचे उत्तर मिठाच्या हिशेबात आहे. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असते, बाहेर फार थोडे. एका लिटरमागे आत 140 मिलिमोल, तर बाहेर जेमतेम 4. सोडियमचे नेमके उलटे, बाहेर 145 आणि आत 12 च्या आसपास. विश्रांतीच्या वेळी पटलातून ये-जा करण्याची मुभा असते ती मुख्यतः पोटॅशियमला. दाटीतून विरळ जागी जाण्याच्या ओढीने त्याचे काही आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बाहेर निसटतात, प्रत्येकजण आपल्याबरोबर एक धन भार घेऊन जातो, आणि मागे आत ऋण भार उरतो. हा ऋण भार वाढत वाढत इतका होतो की तो पुढच्या पोटॅशियमला मागे खेचू लागतो, आणि जिथे ढकलणे व खेचणे बरोबरीला येते तिथे दाब स्थिरावतो. जर्मनीतल्या युलियस बर्नस्टाइन या शरीरशास्त्रज्ञाने 1902 मध्ये हे जवळपास याच स्वरूपात मांडले होते.

पण निसटणे हे निसटणेच असते, आणि थोडे थोडे सोडियमही सतत आत झिरपत असते. म्हणून पटलात पंप बसवलेले असतात. हा पंप प्रत्येक फेरीला सोडियमचे 3 आयन बाहेर टाकतो, पोटॅशियमचे 2 आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची घालतो. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस येथे येन्स स्कू यांनी खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करताना याचा पत्ता लावला. ते संशोधन 1957 मध्ये छापून आले आणि त्याबद्दलचे नोबेल मिळायला 1997 साल उजाडले. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरून ठेवली असली की खालच्या मजल्यावर नळ नुसता सोडायचा असतो, वीज खर्च झालेली असते ती आधी, मोटर चालली तेव्हा; पेशीचे पुष्कळसे तसेच आहे. फरक इतकाच, की इथे टाक्या दोन आहेत, सोडियमची बाहेर आणि पोटॅशियमची आत, आणि मोटर कधीच बंद करता येत नाही. मेंदूचे वजन शरीराच्या 2 टक्के आणि ऊर्जेचा खर्च मात्र 20 टक्क्यांच्या घरात, हे आपण ऐकलेले असते. त्या खर्चाचा फार मोठा वाटा या पंपांचा आहे. विचार करण्याला किती वीज लागते असे लोक विचारतात. खरे बिल विचारासाठी सज्ज राहण्याचे येते.

आता निरोप. शाळेच्या पुस्तकांत नसांना विजेच्या तारांची उपमा देतात, आणि ती उपमा मला व्यवसायामुळेच खटकते. चेतातंतूच्या आतला द्रव तांब्याच्या तुलनेत काही कोटी पटींनी वाईट वाहक आहे, आणि त्यावरचे आवरण गळके आहे. अशा तारेच्या एका टोकाला दाब दिला तर तो एक-दोन मिलिमीटरांतच विरून जाईल. हा गळतीचा हिशेब मांडण्याचे गणित मुळात समुद्राखालून टाकलेल्या टेलिग्राफच्या केबलसाठी 1850 च्या दशकात लॉर्ड केल्विन यांनी केले होते. पुढे शरीरशास्त्रज्ञांनी तेच गणित नसांना लावले. निरोप पायाच्या बोटापासून कण्यापर्यंत पोहोचतो याचे कारण असे, की तो कुणी तिकडून ढकलत नाही. वाटेत प्रत्येक ठिकाणी, तिथल्या तिथे, साठवून ठेवलेल्या फरकातून तो नव्याने तयार होतो. आमच्या लाइनवर दाब एका टोकाला तयार होतो आणि दुसऱ्या टोकाला वापरला जातो. इथे सगळी लाइनच जनरेटर आहे.

यामुळे एक गोष्ट अटळ होते, ती म्हणजे वेळ लागणे. मनगटात नस दबल्यामुळे माझ्या उजव्या हाताची बोटे रात्री बधिर होऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी नसेच्या वेगाची तपासणी करायला पाठवले. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल भागावर त्यांनी एक चकती चिकटवली, "काका, थोडा झटका बसेल, हात सैल सोडा," असे सांगून आधी मनगटाशी आणि मग कोपराशी चिमटा काढल्यासारखा झटका दिला. दोन्ही वेळा अंगठा माझ्या परवानगीवाचून उडाला आणि पडद्यावर रेघेला एक उंचवटा आला. मग त्यांनी शिंप्याकडे असते तशी टेप काढून कोपर ते मनगट अंतर मोजले, ते 22 सेंटिमीटर भरले. दोन उंचवट्यांमधला वेळेचा फरक 4 मिलिसेकंद होता. वेग सेकंदाला 55 मीटर, म्हणजे तिथवर नस ठणठणीत. खोळंबा होता तो मनगटाच्या पुढच्या थोड्याशा अंतरात.

घरी येऊन वाचले तर कळले, की ही तपासणी तत्त्वतः 1850 सालची आहे. हर्मान फॉन हेल्महोल्त्स यांनी बेडकाची नस आणि तिला जोडलेला स्नायू घेऊन असेच दोन ठिकाणी झटके दिले, स्नायू आखडायला लागलेल्या वेळांतला फरक काढला आणि त्याने अंतराला भागले. उत्तर आले सेकंदाला सुमारे 27 मीटर. त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांच्यासारख्या मातब्बर माणसाला हा वेग मोजता येण्याजोगा असेल असे वाटत नव्हते, आणि तो निघाला घोडा सहज दोन-तृतीयांश गाठील इतका. आपल्याला आपले शरीर एकसंध, तत्क्षणी आज्ञा पाळणारे वाटते ही सोयीची समजूत आहे. उंबऱ्याला पायाचे बोट ठेचकाळते तेव्हा लागल्याचे आधी कळते आणि ठणका क्षणभराने येतो. स्पर्शाचे तंतू जाड आणि मायलिनच्या वेष्टणात गुंडाळलेले असतात, तर ठणक्याचे बारीक तंतू उघडे असतात आणि त्यांतला निरोप सेकंदाला मीटरभराच्या आसपासच सरकतो. "आई गं" म्हणण्याआधीची ती मधली फट ज्याला जाणवली आहे, त्याने हा वेग स्वतःच मोजला आहे.

मायलिनचे वेष्टण सलग नसते. मिलिमीटरभराच्या अंतराने त्याला खंड पडतो, तिथे पटल उघडे असते आणि आवेग, म्हणजे निरोपाचा विजेचा झटका, फक्त त्या उघड्या जागी पुन्हा घडवला जातो. मधला टप्पा तो जवळजवळ न थांबता ओलांडतो. माझ्या मनगटात नस चेपली गेल्यामुळे हे वेष्टणच झिजले होते.

शरीरातल्या विजेची कहाणी सांगताना इटलीतल्या बोलोन्याच्या गॅल्व्हानीपासून सुरुवात करायची पद्धत आहे. बेडकाच्या पायावरचे त्याचे प्रयोग 1791 मध्ये प्रसिद्ध झाले, व्होल्टाने ती वीज बेडकाची नसून दोन वेगळ्या धातूंची आहे असे म्हणून त्याला खोडून काढले, आणि त्या वादातून 1800 साली पहिली बॅटरी तयार झाली. गॅल्व्हानीने पुढे धातूचा तुकडाही न वापरता पाय हलवून दाखवला होता, पण लोकांचे लक्ष बॅटरीकडे गेले. ज्याच्या नावाचे एकक मी आयुष्यभर लिहिले, तो त्या वादाच्या निम्म्या भागात चुकला होता, हे वाचून थोडी गंमत वाटली.

खरा उलगडा मात्र माकूळ या प्राण्याने केला. आपल्याकडे कोकणात तो बाजारात मिळतो, हॉटेलात त्याला स्क्विड म्हणतात. धोका दिसताच माकूळ अंगातले पाणी एका पिचकारीसरशी बाहेर फेकून पळतो, आणि त्यासाठीची आज्ञा सगळ्या अंगावर झटपट पोहोचावी म्हणून त्याच्याकडे एक राक्षसी तंतू असतो, अर्ध्या ते एक मिलिमीटर जाडीचा. जे. झेड. यंग यांनी 1936 च्या सुमारास हा तंतू म्हणजे रक्तवाहिनी नसून नसच आहे हे ओळखले. आपले तंतू मिलिमीटरच्या शंभराव्या-हजाराव्या भागाएवढे. त्यात तार घालायची कशी, हा प्रश्न इथे सुटला. 1939 च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातल्या प्रयोगशाळेत 25 वर्षांचे अॅलन हॉजकिन आणि 21 वर्षांचे अँड्र्यू हक्सली यांनी अशा तंतूच्या पोटात उभा इलेक्ट्रोड सरकवला आणि आवेग जाताना आतला दाब थेट मोजला. बर्नस्टाइनच्या हिशेबाने तो शून्यावर यायला हवा होता, कारण पटल क्षणभर सगळ्यांना मोकळे होते असे तो मानत होता. प्रत्यक्षात काटा शून्य ओलांडून धन बाजूला गेला. कारण शोधायला वेळ मिळाला नाही. काही आठवड्यांत युद्ध सुरू झाले, एकजण विमानांच्या रडारवर कामाला लागला आणि दुसरा तोफांच्या नेमबाजीच्या गणितावर.

युद्धानंतर त्यांनी काम जिथे सोडले होते तिथून उचलले. समुद्राच्या पाण्यातले सोडियम कमी केले की आवेगाचा माथा खाली येतो, हे हॉजकिन आणि बर्नार्ड कात्झ यांनी 1949 मध्ये दाखवले. म्हणजे शून्याच्या पलीकडे नेणारे होते ते बाहेरून आत घुसणारे सोडियम. त्यापुढची अडचण मला विशेष जवळची वाटते. दाब बदलला की पटलातली आयनांच्या ये-जा करण्याची दारे उघडतात, दारे उघडली की करंट वाहतो, करंट वाहिला की दाब बदलतो. अशा फिरत्या चक्रात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सांगणार कसे? उपाय केनेथ कोल यांच्या युक्तीत होता: फीडबॅक अॅम्प्लिफायर लावून दाब हवा तिथे रोखून धरायचा, आणि तो रोखण्यासाठी किती करंट द्यावा लागतो ते मोजायचे. दाब बांधला की चक्र थांबते आणि एकेका दाराचे वागणे सुटे दिसू लागते.

जे दिसले ते असे. आतला दाब उणे 55 मिलिव्होल्टच्या आसपास आला की सोडियमची दारे धडाधड उघडतात, आत आलेले सोडियम दाब आणखी वाढवते, त्याने आणखी दारे उघडतात, आणि अर्ध्या मिलिसेकंदात आतली बाजू धन होते. त्याच दाबाने दोन गोष्टी जरा उशिरा सुरू होतात: सोडियमची दारे आपोआप लागतात, आणि पोटॅशियमची उघडतात. बाहेर पडणारे पोटॅशियम दाब परत खाली आणते. मिलिसेकंद-दोन मिलिसेकंदांचा हा खेळ. हॉजकिन आणि हक्सली यांनी त्याची समीकरणे 1952 मध्ये प्रसिद्ध केली. केंब्रिजचा संगणक तेव्हा मोठ्या फेरबदलांसाठी बंद होता, म्हणून हक्सलींनी ती हाताने दांडी फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली. पुढे सरकणाऱ्या एका आवेगाचा हिशेब पुरा व्हायला सुमारे तीन आठवडे लागले. त्या हिशेबातून वेग निघाला सेकंदाला 18.8 मीटर, आणि खऱ्या तंतूवर मोजलेला होता 21.2. दारे कशाची बनली आहेत, ती दिसतात कशी, हे कोणालाही माहीत नसताना केवळ करंट मोजून इतके जवळ जाता येते याचे मला अजूनही नवल वाटते. एकेक दार उघडताना-मिटताना प्रत्यक्ष नोंदले गेले ते 1976 मध्ये, एर्विन नेहर आणि बर्ट झाकमान यांच्या काचेच्या सूक्ष्म नळीने, आणि पोटॅशियमच्या दाराचा आकार रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 मध्ये उलगडला.

या सगळ्यातली मला सर्वांत अर्थपूर्ण वाटलेली नोंद मात्र थोडी आडबाजूची आहे. माकुळाच्या तंतूतला पंप विषाने बंद पाडला तरी तंतू लगेच मरत नाही. तो पुढेही हजारो आवेग पाठवत राहतो, कारण एकेका आवेगात इकडचे तिकडे होणारे आयन साठ्याच्या तुलनेत नगण्य असतात. 1961 मध्ये तर तंतूच्या आतला सगळा गर रोलर फिरवून पिळून काढला गेला, रिकाम्या नळीत पोटॅशियमच्या क्षाराचे साधे द्रावण भरले गेले, आणि ती नळी पुन्हा आवेग पाठवू लागली. यंत्र म्हणावे ते पटलातच आहे, आणि इंधन म्हणजे आतबाहेरचा फरक.

सोडियमचे दार उघडण्याइतकेच ते वेळेवर लागणे महत्त्वाचे आहे, हे कोकणात विंचवाने शिकवले. लाल विंचवाचे विष ही दारे मिटू देत नाही. एक आवेग यायचा तिथे त्यांची रांग लागते, आपल्या इच्छेबाहेर चालणाऱ्या नसा रक्तात आणि हृदयात निरोपांचा पूर सोडतात, माणूस घामाने निथळतो, हातपाय गार पडतात आणि फुप्फुसांत पाणी भरते. रायगड जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खेड्यातले असे रुग्ण वर्षानुवर्षे जवळून पाहिले आणि रक्तवाहिन्यांवरचा हा मारा अडवण्यासाठी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध वापरून कितीतरी जीव वाचवले. त्याच विंचवाच्या विषातला आयबेरिओटॉक्सिन नावाचा घटक आज जगभरच्या प्रयोगशाळांत पोटॅशियमचे एक ठरावीक दार बंद करण्यासाठी वापरतात.

स्नायूत शिरताना विजेचा निरोप क्षणभर रासायनिक होतो. नसेच्या टोकातून अॅसिटिलकोलीन हे रसायन सुटते, समोरच्या पटलावर नवा आवेग उठतो, तो स्नायूच्या आत खोलवर गेलेल्या नळ्यांतून उतरतो आणि आतला कॅल्शियमचा साठा मोकळा होऊन तंतू आखडतात. मण्यारीचे विष नेमके या सांध्यावर, नसेच्या टोकावर बसते. नस शाबूत, स्नायू शाबूत, आणि तरी आधी पापण्या मिटतात, मग श्वास थांबतो.

विश्रांतीच्या दाबाची किंमत मला समजली ती आईमुळे. चार दिवसांचे जुलाब आणि त्यात चालू असलेली लघवीची गोळी, यांनी तिच्या रक्तातले पोटॅशियम 2.4 वर उतरले होते. ते साडेतीन ते पाच असावे लागते. ती पलंगावर पडून मला म्हणाली, "अरे, पायाला उठ म्हणून सांगते आहे, पण पाय ऐकतच नाही रे." तिच्या शब्दांत रोगाचे वर्णन अचूक होते. बाहेरचे पोटॅशियम घटले की आतबाहेरचा फरक वाढतो, पेशीची आतली बाजू अधिकच ऋण होते, आणि उणे 55 चा उंबरठा आणखी लांब जातो. आज्ञा पोहोचत होती, स्नायूंना उंबरठा गाठता येत नव्हता. जास्त भारलेली पेशी म्हणजे जास्त समर्थ पेशी नव्हे.

सलाइनमधून पोटॅशियम सुरू केले तेव्हा सिस्टर दर थोड्या वेळाने थेंबांचा वेग तपासत होत्या आणि शेजारच्या मॉनिटरवर नजर ठेवून होत्या. मी विचारले, की कमीच पडले आहे, तर भरभर का देत नाही? त्या म्हणाल्या, "भरभर दिलं तर हार्ट थांबेल." बाहेर पोटॅशियम एकाएकी वाढले की फरक घटतो, पटलाचा दाब उंबरठ्याजवळ येऊन तिथेच अडकतो, आणि एकदा लागलेली सोडियमची दारे पुन्हा सज्ज होण्यासाठी जो खोल ऋण दाब लागतो तो त्यांना मिळतच नाही. विश्रांती नाही म्हणून काम नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई स्वतः उठून बसली.

या नियमाला अपवाद म्हणावी अशी जागा हृदयातच आहे. उजव्या कर्णिकेच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, वरच्या बाजूला पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, आणि त्या पेशींना विश्रांतीचा दाब नाहीच. एक ठोका संपून दाब उणे 60 च्या आसपास खाली आला, की कुणाच्याही आज्ञेशिवाय तो पुन्हा वर चढू लागतो, उणे 40 च्या जवळ पोहोचला की पुढचा ठोका पडतो. इतर दारे दाब वाढला की उघडतात. इथले एक दार दाब खाली गेला की उघडते आणि धन भार आत सोडते. ऑक्सफर्डमध्ये ब्राऊन, दिफ्रांचेस्को आणि नोबल यांनी 1979 मध्ये हा उलटा करंट मांडला, आणि अॅड्रेनॅलिनमुळे ठोके वाढतात ते त्याच्याचमुळे हेही दाखवले. त्याच्या तिरपागड्या वागण्यावरून त्याला फनी करंट म्हणतात.

माझ्या धाकट्या भावाला ठोके जलद पडतात म्हणून आयव्हॅब्रॅडिन ही गोळी चालू झाली. ती नेमके हेच दार अडवते. चढ मंद होतो, दोन ठोक्यांमधले अंतर वाढते. महिन्याभराने त्याने फोन केला. "दादा, नाडी आली सत्तरवर, पण संध्याकाळी अंधाऱ्या जिन्यातून उजेडात आलो की डोळ्यांपुढे झगझगाट होतो, हे काय आहे?" डॉक्टरांनी त्याला सांगितले होते की गोळीचाच परिणाम आहे, बहुधा आपोआप कमी होईल, कारण मात्र सांगितले नव्हते. मी त्याला म्हटले, डोळ्याच्या पडद्यातही जवळपास याच जातीची दारे असतात, उजेड अचानक बदलला की त्याला मिळणारा प्रतिसाद आवरता घेणे हे त्यांचे काम, आणि तुझी गोळी त्यांनाही थोडीशी अडवते. "म्हणजे बिघाड नाही ना?" त्याने विचारले. नाही, म्हटले, फक्त रात्री गाडी चालवताना जपून, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाल.